मोहाडीजवळून आणलेला करवती काठ

दुर्गहून सकाळची गोंदियाकडची गाडी धरायची तर वैशाली नगरातून अंधारातच निघावं, असं माझं मत. घरचे हसतात. पण पोलाद कारखान्यात भट्टीवर नोकरी काढलेला माणूस मी, भोंग्याच्या आधी हजर राहायची सवय. सेक्टर १० चं कंपनीचं क्वार्टर सुटलं, ती सवय सुटली नाही. त्या दिवशी आम्ही स्टेशनवर पोचलो तेव्हा चहावाला स्टोव्ह पेटवत होता.

बरोबर नात होती, पल्लवी. बारावीत आहे, विषय चित्रकला आणि कापडाचं डिझाइन. परीक्षेला बाहेरून परीक्षक येतात आणि त्यांच्यापुढे स्वतः विणलेला एक तुकडा ठेवावा लागतो. शाळेत माग नाही. लाकडी चौकटीला खिळे ठोकून त्यावर सूत ताणतात आणि तेवढ्यावर शिकवतात. तिचे दोन तुकडे मॅडमनी परत केले होते. तिचा बाप, म्हणजे माझा मुलगा, सांगून बसला होता की या प्रॅक्टिकलला नीट मार्क पडले तरच आर्ट कॉलेज, नाहीतर घराजवळ सुपेल्यात कम्प्युटरचा कोर्स. पोरीने जेवण टाकलं. तेव्हा मला मोहाडीजवळचा मामेभाऊ आठवला. आम्ही शेतकरी, पण आईच्या माहेरचे सगळे विणकर. नामदेवभाऊचा माग त्या गल्लीतला शेवटचा.

जाणाऱ्यांसाठी सांगतो, तुमसर रोडला उतरा. जनरल डब्यात डोंगरगढनंतर बसायला जागा मिळते. गोंदियाला पोहे बरे असतात, पण गाडी किती थांबेल याचा नेम नाही, म्हणून मी उतरलो नाही. पल्लवी उतरली आणि ती परत चढेपर्यंत माझा जीव खालीवर. स्टेशनबाहेर मोहाडीकडे जाणारे ऑटो असतात. ते भरल्याशिवाय निघत नाहीत. पाण्याची बाटली घरूनच न्या.

नामदेवभाऊ दारातच बसला होता. वहिनी दिवाळीच्या आधी गेली. मी तेव्हा दवाखान्यात होतो, म्हणून त्यानंतरचं हे माझं पहिलंच जाणं. घरात शिरल्यावर उजव्या हाताला जमिनीत खड्डा, खड्ड्यात पाय सोडून बसायचं, समोर माग. त्यावर टसरची साडी अर्धी विणलेली. करवती काठाला तीन धोटे, म्हणजे आडवा धागा नेणाऱ्या नळ्या, लागतात आणि तिसरा धोटा वहिनी शेजारी बसून द्यायची. ती गेली त्या दिवशी साडी जिथे होती, अजून तिथेच होती. साडी घेणारा व्यापारीही विचारायला आला नाही. मागाच्या मागच्या बाजूला एका वाटीत राख होती. मला वाटलं भांडी घासायची असेल, उचलू लागलो, तर भाऊ म्हणाला, "राहू दे, तिची हाये."

मी आमची अडचण सांगितली. भाऊने अर्ध्या साडीवरची धूळ झटकली. मग पल्लवीला म्हणाला, "बस तिच्या जागी."

दोन दिवस दोघं बसली. मी ओट्यावर बसून उगाच काळजी करत होतो, धागा तुटला तर, तिचं बोट अडकलं तर. पल्लवीचा धोटा पहिल्या दिवशी सारखा पडायचा. भाऊ म्हणायचा, "बारावी शिकून राहिली, अन् धोटा धरता येत नाही." ती म्हणायची, "मोठे आबा, बारावी में ये नहीं सिखाते." तो हसायचा. शेजारीण मला हळूच म्हणाली की वहिनी गेल्यापासून या घरातून हसण्याचा आवाज पहिल्यांदाच आला. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत काठाचे दात एकमेकांत नीट बसायला लागले, लाल आणि पांढरे. पोरीने त्या रात्री दोन वेळा भाजी घेतली.

तिसऱ्या दिवशी निघायचं होतं. मी सकाळपासून गाडी, गाडी करत होतो. भाऊ म्हणाला, "काप पोरी, तुले पाहिजे तेवढं घे." मग शेजाऱ्याच्या झाडाचे पेरू आणायला गेला. अर्धी साडी कापलेली त्याला बघायची नसावी.

मॅडमनी सांगितलं होतं की तुकड्याच्या टोकाला वीतभर सुटे धागे हवेत, त्यांना गाठी मारून झालर करायची. चौकटीवर ते सोपं असतं. पलीकडच्या खिळ्यांपाशी धागे कापायचे आणि ओढून घ्यायचे. पल्लवीने तसंच केलं. मागाच्या पाठीमागे जाऊन सगळे धागे कापले आणि पुढून कापड ओढलं. सर्रकन आवाज झाला. धागे मागावरच्या दोऱ्यांच्या बारीक डोळ्यांतून आणि फणीच्या दातांतून निघून तिच्या हातात आले. मी म्हणत होतो, "लवकर कर, बाई."

भाऊ आत आला. ओंजळीत पेरू. रिकाम्या फणीकडे तो पाहत राहिला.

"सारे ओढले?" त्याने विचारलं.

"हो, झालर करायची आहे ना," पल्लवी म्हणाली.

त्याने पेरू खाली ठेवले. मग सावकाश सांगितलं. साडी झाली की फणीच्या अलीकडे कापतात. फणीतले, डोळ्यांतले धागे तसेच ठेवतात. नवा ताणा, म्हणजे पुढच्या साडीचे उभे धागे, आला की त्याचा एकेक धागा त्या जुन्या टोकाला सांधतात, बोटाला राख लावून. त्याच्या बापाने एकदा धागे ओवले, त्यानंतर पुन्हा कधी ओवावे लागले नाहीत. लग्न होऊन आल्यापासून सांधणी वहिनीची.

"आता सांधाले काही नाई," तो म्हणाला.

मी म्हटलं, पुन्हा ओवता येईल की.

"येते. एक जण मागून धागा देते, एक जण समोरून ओढते. मी समोर बसीन. मागं कोण हाये?"

पल्लवीचा चेहरा बघवेना. ते कापड तिने तिथेच ठेवलं होतं. भाऊनेच घडी करून तिच्या पिशवीत घातलं, वर पेरू ठेवले आणि म्हणाला, "जा, आबाले गाडीची घाई हाये."

गाडी मिळाली. गोंदियाच्या अलीकडे सिग्नलला ती इतका वेळ उभी राहिली की लोक खाली उतरून फिरायला लागले. पल्लवी खिडकीकडे तोंड करून बसली होती. एकदाच बोलली, "आबा, मैंने पूछा क्यों नहीं?" पेरू कोणी खाल्ले नाहीत.

परीक्षकांनी झालरीचं विशेष कौतुक केलं. धागे किती सरळ आणि लांब सोडलेत, म्हणाले. मार्क चांगले पडले. माझा मुलगा आर्ट कॉलेजला तयार झाला, मिठाई आणली. तुकडा शाळेने ठेवून घेतला आहे, काळ्या कागदावर चिकटवून, जिन्याजवळ.

मागच्या रविवारी पल्लवीने स्वतः भाऊला फोन लावला. सुट्टीत येते, मागून धागे मी देईन, असं ती सांगत होती. फोन स्पीकरवर होता. भाऊ म्हणाला, "माग कुठं हाये आता, पोरी? खड्डा बुजवला. तिथं खाट टाकली. बरी झोप लागते." मग त्याने तिचा अभ्यास विचारला.

तिकडे कोणी जाणार असाल तर एक सांगतो. तुमसर रोडहून दुर्गकडे त्या दिवशी संध्याकाळीही गाडी होती. बोर्डावर लिहिलेलं होतं, येताना उतरलो तेव्हाच मी वाचलंही होतं.