नऊ गोल आणि एक रेघ

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, पोरांना नाही, आणि देवळात उभा राहिलो तेव्हा देवालाही नाही — त्याला ठाऊक असणार म्हणून गप्प राहिलो, का ठाऊक नसावं म्हणून, ते आता मलाही सांगता यायचं नाही. तुमची-माझी ओळख नाही, म्हणून तुम्हाला सांगतो. माझी शाळा चौथीपर्यंत. अक्षर वाकडं येतं, चार ओळी झाल्या की बोटं आखडतात. नातू म्हणाला, आबा, तुम्ही सांगा, मी लिहितो. नको म्हटलं. हे दुसऱ्याच्या हातानं लिहायचं काम नाही.

कुठून सुरू करू? लिंबापासून करतो. डोळे मिटले की आधी तोच दिसतो.

न्हावऱ्याहून घोड नदीकडं उतरलं की आमचं गाव. शाळेपुढं लिंब, लिंबाखाली ओटा. संध्याकाळी ऊन उसाच्या तुऱ्यांवर टेकलेलं असायचं, धारांची वेळ व्हायची, नदीवर कुणाचं तरी पाणी उपसायचं इंजिन चालू असायचं — आणि त्या सगळ्यात पोरांची इंग्रजी. मला एक अक्षर कळत नव्हतं. पण पाटाचं पाणी वाफ्यात शिरताना जसा आवाज करतं, तसं ते कानात शिरायचं आणि मी कुठंतरी वाहत जायचो. आयुष्यात एवढं सुख मला थोड्याच गोष्टींनी दिलं. हे खरं आहे, आणि पुढचंही खरं आहे.

तेव्हा पोरांना इंग्रजी पाचवीपासून असायची, आणि सातवी झाली तरी निम्मी पोरं एबीसीडीच्या पुढं गेलेली नसायची. मग दौंडच्या एक बाई बदलून आल्या. रेल्वेच्या वसाहतीत वाढलेल्या, बारीक अंगाच्या, रोज एसटीनं यायच्या. त्यांनी काय केलं, तर इंग्रजीच्या तासाला पाचवी, सहावी, सातवी एकत्र बसवली — वयानं नाही, येण्यानं. ज्याला काहीच येत नाही तो दारापाशी. थोडं येतं तो खिडकीपाशी. बरं येतं तो फळ्यापाशी. दारापासून फळ्यापर्यंत सात पावलं असतील. ती चालायला कुणाला सहा महिने लागायचे, कुणी दोन वर्षं दाराशीच.

पुढं सरकायचा नेम असा होता. प्रत्येकाला पुठ्ठ्याचं एक कार्ड. रोज संध्याकाळी मोठ्या माणसापुढं एक पान मोठ्यानं वाचायचं. न थांबता वाचलं तर त्या माणसानं कार्डावर गोल काढायचा, अडखळलं तर रेघ. ओळीनं दहा गोल झाले की बाई वर्गात अर्थ विचारायच्या आणि पुढच्या ओळीत बसवायच्या. मधे एक जरी रेघ आली, तरी मोजणी पुन्हा एकपासून.

आता ज्यांच्या घरी ऐकायला कुणी नाही — आईबाप कांद्यात, मेंढरांमागं, नाहीतर उसाच्या फडात — त्यांचं कुणी ऐकायचं? शाळा समितीचा अध्यक्ष मी. बाई घरी आल्या, ह्या पोरांचं तुम्ही ऐका म्हणाल्या.

मी म्हणालो, "इंग्रजी आपल्याला समजती थोडीफार."

बघा, पहिलं खोटं इथंच. गरज नव्हती. बाई हसून म्हणाल्या, "नाही समजली तरी चालेल, आबा. कान हवा."

कान मात्र होता. वीस वर्षं मी नदीवर इंजिन चालवलं होतं. घरी जेवायला बसलो तरी त्याचा ठोका चुकलेला मला कळायचा, ताटावरून उठून जायचो. पोरगं कुठं थांबलं, कुठं अंदाजानं दामटलं, कुठं श्वास चोरला — मला सगळं ऐकू यायचं. रोज संध्याकाळी लिंबाखालच्या ओट्यावर बसायला लागलो, पेन्सिल कानावर, कार्डं मांडीवर. गावात मी फिरायचो तेव्हा पोरं उठून उभी राहायची. माझ्या गोलावर त्यांचं चालणं होतं. मला ते फार आवडलं होतं. का आवडू नये?

हिरा धनगरवस्तीवरची. तिच्या बापानं मेंढरं विकून वाट्यानं रान करायला घेतलं होतं. ती सातवीत, केसांना तेल नाही, ओढणीचं टोक सारखं चावायची. पण वाचायला लागली की — कसं सांगू — भरल्या विहिरीवर इंजिन लावावं, तसं. एकसारखं. मी डोळे मिटून घ्यायचो. पान संपलं तरी तसाच बसायचो आणि तीच म्हणायची, "आबा, झालं. गोल काढा." दारापासून खिडकीशी ती दोन महिन्यांत आली. आता फळ्यापाशी जायचं होतं. फळ्यापाशी बसणाऱ्या सातवीच्या पोरांना बाई उन्हाळ्यात दौंडला नेणार होत्या, परीक्षेला. पास झाली की आठवीपासून दौंडची शाळा, राहायला वसतिगृह, खायचं-प्यायचं फुकट. हिराच्या बापानं सांगून ठेवलं होतं — दौंडचं जमलं तर शीक, नाहीतर घरी.

हे मला माहीत होतं. हे लिहून ठेवतो.

मला एक खोड लागली होती. वाचून झालं की मी चित्र बघायचो आणि पोरांना धड्यात काय आहे ते सांगायचो. चित्रात गाय असली की गाईची गोष्ट. कोण बोलणार? त्या दिवशी चित्रात नदी होती, होडी होती आणि काठावर एक म्हातारा. हिराचं वाचून झालं. तिचा त्या दिवशी नववा गोल झाला. सात-आठ पोरं बसलेली. मी सांगितलं, ह्या म्हाताऱ्याची ही होडी, फार जुनी, पूर आला तेव्हा त्यानं सगळा गाव पलीकडं नेला.

हिरा म्हणाली, "न्हाई आबा. होडी त्याची न्हाई. त्यो नुसता काठावर बसून लोकास्नी सांगतो, वल्हं कसं मारायचं. त्याला सोताला येत न्हाई."

पोरं हसली. खिडकीच्या ओळीतलं एक म्हणालं, "म्हंजी आपल्या आबावानी." आणि मग पोरं पार ओट्यावर गडबडा लोळली. हिरा हसली नाही. तिनं त्या पोराला कोपर मारलं. ती मला धडा सांगत होती फक्त. जसा असेल तसा.

मीही हसलो. आणि दुसऱ्या दिवशी ती आली, पान वाचलं, एक ठोका चुकला नाही — मी रेघ ओढली.

ती कार्डाकडं बघत राहिली. "कुठं थांबले, आबा?" मी म्हटलं, मधे. "मधे कुठं?" मी म्हटलं, मला शिकवू नको.

एवढ्यावर थांबलो असतो तर? मला तसं वाटलंही होतं — एक रेघ, हिशेब मिटला. ती पुन्हा एकपासून लागली. एक, दोन, पाच. मी गोल काढत होतो, खरे गोल, हाताला लाज वाटत नव्हती. नऊ झाले. आणि दहाव्या दिवशी ती माझ्या चेहऱ्याकडं न बघता पेन्सिलीकडं बघत वाचायला लागली, तेव्हा माझ्या मनात काय आलं असेल? राग गेला होता हो. रागाचं नाव नव्हतं. बघू या, एवढंच आलं. बघू या, माझ्या हातात किती आहे ते. मी रेघ ओढली.

ती बामणाची असती, पाटलाची असती, तर ओढली असती का? हे मी विचारत नाही. उत्तर माहीत आहे म्हणून विचारत नाही.

तिसऱ्या वेळेला मला काही करावंच लागलं नाही. सातव्या गोलापासून तिचा आवाज बदलला. ओळ संपायच्या आधीच ती थबकायची, डोळे वर करायची, पुन्हा मागचा शब्द घ्यायची. भरल्या विहिरीतलं पाणी कुठं जातं? ती अडखळायला लागली होती. खरोखर. मी रेघ ओढली ती खरी रेघ होती, आणि मला बरं वाटलं — की बघा, मी म्हणत होतो तेच निघालं.

मार्चमध्ये बाई पुन्हा माझ्या घरी आल्या. ऊन फार होतं, त्यांनी पदर डोक्यावरून घेतला होता. हातात दौंडची यादी आणि हिराचं कार्ड. त्या म्हणाल्या, "आबा, वर्गात हिला अर्थ सगळ्यांच्या आधी सांगता येतो. कार्ड असं का दिसतंय? मी कार्ड बाजूला ठेवून नेऊ का तिला? तुम्ही म्हणाल तसं."

तुम्ही म्हणाल तसं. एक बाई, शिकलेली, एसटीनं आलेली, माझ्या ओट्यावर उभी राहून मला विचारते. मी पान खात होतो. ते थुंकायला उठलो, परत येऊन बसलो. एवढा वेळ मिळाला होता मला. तेवढ्या वेळात माणूस हजार गोष्टी बोलू शकतो.

मी म्हणालो, "न्हाई बाई. पोरगी अडखळती. नेम सगळ्यांना सारखा पायजे."

बाईंनी मान हलवली. माझ्या कानावर त्यांचा विश्वास होता. जाताना त्यांनी मला नमस्कार केला.

पाच पोरं दौंडला गेली, एसटीच्या खिडकीतून हात हलवत. हिरा शेळ्या घेऊन रस्त्याच्या कडेला उभी होती. तिनंही हात हलवला.

पुढं बाई बदलून गेल्या. हिराचं लग्न झालं. मी आणखी दोन वर्षं अध्यक्ष होतो.

बऱ्याच वर्षांनी माझ्या डोळ्याचं ऑपरेशन झालं आणि थोरल्यानं मला सणसवाडीला नेलं. तो तिथं कंपनीत, एका चाळीत खोली. दोन्ही डोळ्यांवर पट्टी, दिवसभर खाटेवर. बाहेर बिहारी पोरांची हिंदी, शिफ्टच्या बसचे हॉर्न, कुणाच्या तरी कुकरची शिट्टी — मी त्यात तरंगत पडून असायचो. एक दिवस कुणीतरी पायाला हात लावला. "आबा, वळखलं का? हिरा." तिचा नवरा त्याच चाळीत दोन खोल्या सोडून राहत होता. ती पण कंपनीत जायची, पॅकिंगला. सोबत तिची पोर, पहिलीतली.

पट्टी निघाल्यावर डोळ्यात घालायच्या थेंबांचं खोकं थोरल्याला नीट कळत नव्हतं. आतला कागद सगळा इंग्रजी. हिरा म्हणाली, बघू. आणि तिनं वाचायला घेतलं.

पट्टीखाली माझे डोळे मिटलेलेच होते. लिंब आला, ओटा आला, उसावरचं ऊन आलं. पार खालपर्यंत वाचलं तिनं, बारीक अक्षरातलंसुद्धा, आणि मग मराठीत सांगितलं — दिवसातून चारदा, बाटली उघडल्यावर महिन्याच्या आत संपवायची. एक ठोका चुकला नाही. मी मोजत होतो.

पोर म्हणाली, "आई, तुला इंग्रजी येतं?"

"कुठलं गं," हिरा म्हणाली. "म्हणून तर फळ्यापाशी बसाया मिळालं न्हाई. लई अडखळायची मी. इचार आबास्नी."

पोरीनं माझा हात हलवला. "व्हय का, आबा?"

"व्हय," मी म्हणालो. "लई अडखळायची."