सुकट, भाकरी आणि आईचा आवाज

सुकट भाजल्याचा वास आला की दिघ्यातली आईची खानावळ आठवते. तेव्हा मी कॉलेजात होते. रोजचं जेवण मी माझ्या शाळेच्या जुन्या पाटीवर लिहून दारात टांगायची. ते वाचून कामगार आमच्याकडे वळू लागले, म्हणून समोरचा खानावळवाला एके दुपारी सळई घेऊन आला. पहिल्या घावात पाटी फुटली, दुसरा आईच्या कपाळावर बसला.

"आता टांग पाटी, बघू!"

आई पदराने रक्त दाबत रस्त्यात उभी राहिली. "सुकट-भाकरी, कांदा फुकट! पाटी फोडली त्यानं, तोंड हाय अजून माजं!"

कारखान्याची पाळी सुटलेले कामगार आमच्याकडेच शिरले. मी लाजेने चुलीमागे लपले होते.

पुढे आई रोज तशीच ओरडून गिऱ्हाईक बोलवायची; त्याच आवाजावर मी पदवीधर झाले. त्या दुपारी मीही तिच्या शेजारी उभं राहून ओरडायला हवं होतं.