उजवीकडचा पोपट

आमच्या बैठकीत एक उलटी तसबीर आहे. उलटी म्हणजे खालचं वर नव्हे, मागचं पुढे. 'सुस्वागतम्' हा शब्द तिच्यात उजवीकडून डावीकडे जातो आणि एकेक अक्षर पाठमोरं उभं आहे. येणारा-जाणारा विचारतो, हे असं कसं? मी दर वेळी काहीतरी थाप मारते. आता वय झालं, नव्या थापा सुचत नाहीत, म्हणून खरं काय ते एकदा लिहून टाकते.

दुसरी लढाई सुरू व्हायच्या थोडी आधीची गोष्ट. लग्न होऊन मी नाशिककडून तळोद्याला आले त्याला दोन वर्षं झाली होती. हे मामलेदार कचेरीत कारकून. महिन्यातले निम्मे दिवस साहेबाबरोबर डोंगरात फिरती, आणि घरी असले तरी कचेरीचे कागद मांडीवर. माणूस वाईट नव्हता, हे आधीच सांगते. कधी आवाज चढवला नाही, कधी ताटाला नाव ठेवलं नाही. पण बोलणं म्हणजे 'वाढ', 'येतो', 'दार लावून घे'. एवढ्यात संसार भागतो हे मला तिथे कळलं.

शेजार होता, पण तो मीच तोडला. माझ्या नाकावर राग, दुसरं काय! आल्या आल्या शेजारच्या म्हातारीने ओट्यावरून विचारलं, "तुन्हा दादला कोठे ग्या वं?" सगळी गल्ली तिला मोठी माय म्हणायची. तिच्या अहिराणीत तो साधा प्रश्न होता, नवरा कुठे गेला एवढाच. पण मी शाळेत मराठी शिकलेली. एकदम 'तुन्हा' आणि वर 'दादला'? माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी म्हटलं, आपण जरा नीट बोलावं. बायका खो खो हसल्या आणि त्या दिवसापासून मला मास्तरीणबाई म्हणायला लागल्या. मी दार लावून घेतलं. हसू नव्हतंच त्यात काही वाईट, पण विशीतल्या पोरीला ते कळायचं कुठून?

दार लावून मग करायचं काय? माहेरून आणलेलं मॅटीचं कापड ट्रंकेत होतं, दोऱ्याच्या लडी होत्या. फुलीच्या टाक्याने 'सुस्वागतम्' भरायला घेतलं. ज्या घरी कुणी फिरकत नाही तिथे हा शब्द! पण नमुन्याच्या कागदावर तोच होता. पहिल्या अक्षराच्या डोक्यावर मी एक हिरवा पोपट बसवला, तो तेवढा माझ्या मनाचा. भरायची रीत आईची. कापडाच्या दोन्ही अंगांनी फुल्याच दिसल्या पाहिजेत, मागे एक गाठ दिसता कामा नये, असा तिचा दंडक होता. दोरा दुप्पट लागतो आणि मान मोडून येते. आईने माझी किती कामं उसवायला लावली त्याला गणती नाही.

चार महिने लागले. मी भरत बसे तेव्हा मोठी माय कधीमधी आमच्या दारात येऊन उभी राही. बोलायची नाही, नुसती बघायची. एकदा कापड कसं दिसतंय ते पाहायला मी ते भिंतीला लावून धरलं, तेव्हाही ती होती. मला वाटे, आली हसायला.

काम झाल्यावर यांना म्हटलं, याची तसबीर करून आणा. यांनी कागदातून मान न काढता बरं म्हटलं आणि कचेरीत जाता जाता बाजारातल्या चाचांना सांगितलं. चाचा म्हणजे गावात तसबिरी करणारे एकुलते एक कारागीर. सागवानी पट्ट्या स्वतः रंधायचे, काच सुरतेहून पेंढ्यात गुंडाळून यायची. आमचे देव ते काचेत बसवायचे आणि त्यांच्या लोकांसाठी उर्दू अक्षरांच्या तसबिरीही करायचे. मापं घ्यायला ते स्वतः घरी आले. कापड ताणलं की फुल्या तिरक्या होतात, म्हणून एकेक धागा मोजून ताणीन, असं मला सांगून गेले. मी अर्धवट लोटलेल्या दारामागून ऐकत होते.

पोळ्यानंतर ते तसबीर काखेत घेऊन आले. बैठकीत एका भिंतीवर बाबांनी लग्नात दिलेला मोठा आरसा होता. यांच्या उंचीने लावलेला, मला त्यात कपाळच तेवढं दिसे. रोज सकाळी त्यात बघून हे डोक्याला रुमाल बांधायचे. चाचांनी समोरच्या भिंतीवर तेवढ्याच उंचीला खिळा ठोकला, तसबीर लावली, आणि मागे सरून बघत राहिले.

मी पुढे होऊन पाहिलं. पोपट उजवीकडे! अक्षरं सगळी उलटी.

मी तोंड उघडणार, तेवढ्यात चाचांनी बोट उजवीकडून डावीकडे फिरवलं. पोपटापासून सुरुवात, बरोबर ना, असं त्यांचं चाललं होतं. मग माझ्या लक्षात आलं. त्यांना आमची अक्षरं येत नव्हती. पोपट पहिल्या अक्षरावर असणार हे त्यांनी ओळखलं होतं, आणि त्यांच्या लिखाणात पहिलं अक्षर उजवीकडे असतं. दोन्ही अंगं सारखी, मग त्यांनी तरी कशावरून ओळखायचं? माझ्याकडे वळून ते म्हणाले, "बेटी, बहुत काम देखा. लेकिन ऐसा नहीं देखा, जिस में उलटा-सीधा ही नहीं."

दोन वर्षांत माझ्या हाताला कुणी चांगलं म्हटलं ते हे पहिलं. मी काय सांगणार त्यांना? मागून फळी ठोकलेली, वर खळीने कागद डकवलेला. उघडायचं तर काच फुटायची भीती. चाचा खुशीत गेले आणि मी तिथेच बसून पोटभर रडले.

रडून झाल्यावर राग आला, आणि रागाच्या भरात मी मनाशी ठरवलं की आपण होऊन काही बोलायचं नाही. बघू, हे कधी ओळखतात. दिवसभर अक्षरं वाचणारा माणूस, कुणी वेलांटी चुकवली तर कागद परत पाठवणारा. 'अगं, हे उलटं कसं?' एवढं जरी यांनी विचारलं, तरी मी इथे राहीन, रमेन. दिवाळीपर्यंत विचारलं नाही, तर बाबांना लिहीन की मला घेऊन जा, आणि परत पाठवू नका.

आता हसू येतं, पण तेव्हा ते मी अगदी खरंखरं ठरवलं होतं. यांच्या पानात भात वाढताना माझं लक्ष यांच्या डोळ्यांकडे. बैठकीतून जाताना मान वर होते का, तसबिरीखाली थांबतात का. कधी मुद्दाम तिच्यावरची धूळ झटकत उभी राहायची. 'येतो' म्हणून हे निघून जायचे. फिरतीवर गेले की ते दिवस मी मोजत नसे, म्हटलं, अन्याय नको. नवरात्र गेलं, दसरा गेला. घरात मी, चूल, आणि भिंतीवर तो उलटा शब्द. इतकं एकटं मला आयुष्यात पुढेही कधी वाटलं नाही, आणि पुढे तर माणसंही गेली.

दसऱ्यानंतर मोठी माय दारात आली. विरजण मागायला आली होती. भिंतीकडे बघत तिने डोळे बारीक केले.

"हाऊ पोपट पहिले दारकडे देखे ना वं माय? आते चूलकडे काबर देखी ऱ्हायना?"

तिला अक्षरओळख नव्हती. पण मी कापड भिंतीला लावून धरलं होतं तेव्हा पोपटाचं तोंड दाराकडे होतं, ते तिच्या ध्यानात होतं; आता ते चुलीकडे का, असं ती विचारत होती. म्हणजे इतके महिने ती हसायला नव्हती येत, बघायला येत होती. मला लाज वाटली. मी तिला बसा म्हटलं, चहा टाकला, आणि चाचांची सगळी गोष्ट सांगितली. तिने तोंडाला पदर लावून हसून घेतलं, मीही हसले. बरं वाटलं, नाही कशाला म्हणू? पण ज्याने विचारायला हवं होतं त्याने विचारलं नव्हतं, ती गेल्यावर हेच मनात आलं.

दिवाळीला आठ दिवस राहिले आणि बाबांचं पत्र आलं. भाऊबीजेला न्यायला येऊ का, लगेच कळव. सकाळची वेळ होती, हे आरशासमोर रुमाल बांधत होते. मी ठरवलेलं मोडलं. मोडवतच नव्हतं, पण यांना एक संधी तरी द्यावी म्हटलं.

"अहो, त्या तसबिरीत काय लिहिलंय, वाचता का जरा?"

यांनी दातांत धरलेलं रुमालाचं टोक काढलं. मान वळवली नाही. आरशातच बघत म्हणाले, "सुस्वागतम्. रोज तर वाचतो. अक्षर सुबक आलंय हो तुझं. पोपटही छान."

मी यांच्यामागे जाऊन चवडे उंचावून आरशात पाहिलं. खरंच, सगळं सरळ होतं. पोपट डावीकडे, पहिल्या अक्षराच्या डोक्यावर, जिथे मी बसवला होता तिथेच. दोन महिने हे रोज माझं काम बघत होते, तसबिरीकडे पाठ करून. मागे वळून एकदाही पाहिलं नव्हतं, आणि आरशात त्यांना ते कधी उलटं दिसलंच नव्हतं. त्याच आरशात त्यांच्या खांद्यामागे माझं कपाळ दिसत होतं. ते त्यांना दिसलं की नाही, मला माहीत नाही. रुमाल नीट बसला, 'येतो' म्हणाले आणि गेले.

मी दौत घेऊन बसले. माझा नवरा माझ्याकडे बघत नाही, असं लिहायचं होतं. पण ते लिहिणार कशाच्या जोरावर? रोज वाचतात, अक्षर सुबक म्हणतात. तक्रार करायला जागाच उरली नव्हती. मी लिहिलं, यंदा येऊ नका, इथे सगळं ठीक आहे. पानावर जागा उरली होती म्हणून खाली आणखी एक ओळ लिहिली, तुम्ही दिलेला आरसा यांना रोज उपयोगी पडतो.