पूर्वेकडे तोंड केलेलं विमान

त्या माणसाचा मला आजही राग येतो, आणि तो कमी करण्याची माझी इच्छा नाही. धुळ्याजवळच्या धावपट्टीवर आम्ही नवशिक्या वैमानिकांसाठी दोन सीटचं छोटं टर्बोप्रॉप विमान तयार करत होतो. तो प्रकल्पाचा प्रमुख, मी इंजिनाचा इंजिनिअर. त्याला इंजिनापेक्षा पाहुण्यांच्या मांडवाची काळजी जास्त.

मे महिना होता. नवं इंजिन दुपारी पहिल्यांदा सुरू करायचं आणि संध्याकाळी उडायचं, असं ठरलं. साहेबांनी भटजी बोलावले, अभिजित मुहूर्त काढला आणि पूजेसाठी विमानाचं तोंड पूर्वेकडे करायला लावलं. उन्हाळ्यात आमच्याकडे वारा पश्चिमेचा. असलं इंजिन सुरू करताना नाक वाऱ्याकडे हवं, नाहीतर मागून येणारा वारा तापलेला धूर आत दाबतो आणि आतली पाती भाजून निघतात. हा पहिला धडा.

विमान ओढणारे ट्रॅक्टरवाले नाना माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, "भाऊ, वारा मांगेतून ई ऱ्हायना." मी साहेबांना सांगितलं, वारा मागून येतोय, पूजा झाली की विमान वळवू. ते म्हणाले, मुहूर्त टळेल, दोन मिनिटांचं तर काम आहे. मी कॉकपिटमध्ये चढलो. नारळ फुटला आणि मी बटण दाबलं.

तापमानाचा काटा बघता बघता लाल रेषेपलीकडे गेला. मी इंधन तोडलं, तरी तो खाली यायला तयार नव्हता. मांडवात टाळ्या वाजत होत्या.

हँगरमध्ये साहेबांनी नोंदवही पुढे सरकवली. आकडा मर्यादेच्या आतला लिही, म्हणाले. खरा लिहिलास तर इंजिन उतरवून उघडावं लागेल, आणि बटण कुणी दाबलं होतं तेही विचारतील. चोराच्या उलट्या बोंबा! मनातल्या मनात त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला आणि मुकाट्यानं खोटा आकडा लिहिला.

चाचणी घेणाऱ्या वैमानिक मॅडम चारच्या सुमारास जळगावहून आल्या. त्यांनी नोंदवही वाचली, मग माझ्याकडे पाहिलं.

"आकडा बरोबर आहे?"

"हो."

"मग हेल्मेट घे. मागची सीट रिकामीच आहे."

साहेब हसत म्हणाले, जा की, फुकटची सैर होईल. मी हेल्मेट चढवलं, हनुवटीखालचा पट्टाही आवळला. एक पाय पंखावर ठेवला, पण दुसरा जमिनीवरून उचलेना. मॅडम वर बसून शांतपणे वाट पाहत होत्या.

मी खाली उतरलो, नोंदवही मागितली, आकडा खोडला आणि साहेबांच्या डोळ्यांदेखत खरा लिहिला. नंतर इंजिन उघडलं, तेव्हा पाती करपलेली निघाली. मी खरं बोललो म्हणून लोक अजून माझं कौतुक करतात. सीट एकच असती, तर मी त्या बाईला तसंच उडू दिलं असतं.