मामीचा पुढचा दात

आमच्या मामाला सगळे कवळीमामा म्हणत. दवाखान्याच्या पुढच्या खोलीत डॉक्टर दात काढायचे आणि मागच्या खोलीत मामा नवे घडवायचा. त्याच्या टेबलावर एका वेळी वीस-पंचवीस हसू मांडलेली असायची, माणसं तेवढी नसायची.

मामाचा एक नियम होता. कवळी आधी मेणात रचायची, गिऱ्हाइकाच्या तोंडात बसवून पाहायची, हातात आरसा द्यायचा आणि विचारायचं, "हे तुम्हीच ना?" समोरचा 'हो' म्हणाला तरच पुढचं काम.

घरी मात्र मामीचे दात किडत होते. वरचा दात काढला की नजर जाते, असं तिच्या आईने तिला सांगून ठेवलेलं. हीच समजूत गिऱ्हाइकांच्या डोक्यातून काढायला मामा तासभर घसा कोरडा करायचा. बायकोला "लवंग धर दाताखाली" एवढंच सांगून कामावर पळायचा. शेवटी सगळेच दात काढावे लागले. बोळक्या तोंडाने मामी त्याच्याकडे रोखून बघत म्हणाली, "दिसतंय बरं का सगळं."

मामा वरमला आणि जिद्दीने कामाला लागला.

मामीचा पुढचा एक दात शेजारच्याच्या अंगावर रेललेला असायचा. लग्न नवीन असताना मामा पाहुण्यांसमोर म्हणाला होता, "आमच्या घरात सगळं सरळ आहे, हिचा एक दात सोडला तर." पाहुणे हसले. मामीही हसली, तोंडावर तळहात धरून. हा विनोद मामाने पस्तीस वर्षं चालवला. लहानपणी मी तर त्याची फर्माईश करायचो.

कवळी तयार झाली, त्या दिवशी मी तिथेच होतो. मेणातली पायरी मामाने गाळली होती. "घरचंच तोंड, त्यात काय विचारायचं?" मामीने कवळी बसवली, आरसा घेतला. पुढचा दात शेजारच्याच्या अंगावर रेललेला! आठवणीतून, अगदी तस्साच.

"ओळखलंस का?" मामाचा चेहरा फुलला होता.

मामीने आरसा पालथा ठेवला. "अहो, बाकीचे गेले त्याचं वाईट वाटलं. हा एक गेला म्हणून मी देवाचे आभार मानले होते."

"अगं, पण मला तो आवडायचा."

"मग तसं सांगायचंत. चारचौघांत हसायचात कशाला?"

मी भिंतीवरचं कॅलेंडर वाचायला घेतलं. ते मागच्या वर्षीचं होतं, तरी वाचलं.

दुसरी कवळी मामाने मेणात रचली. मामीला खुर्चीत बसवलं, आरसा दिला आणि पुटपुटला, "ही... तूच ना?"

मामीने बराच वेळ पाहिलं. "नाही. पण असू दे. हिला भेटायचं राहूनच गेलं होतं."

पक्की कवळी बसली, त्या संध्याकाळी चहाला सगळे जमलो. मी कसलीशी थट्टा केली आणि मामी खळखळून हसली. हसता हसता तिचा तळहात वर गेला आणि त्या सरळ, नव्याकोऱ्या दातांवर जाऊन बसला.

"आता गं काय झाकतेस?" मी बोलून गेलो.

"हाताला कुठे माहीत आहे?" मामी म्हणाली.

मामा नखात अडकलेलं मेण काढत बसला. नखात मेण नव्हतं.