पुढे माती, मागे सासू

चोमा गावाकडच्या आमच्या माळावर पाखराचं घरटं शोधावं ते हाबीन्झूनं. लहानपणी त्याला गुरं राखायला पाठवलं, की गुरं लोकांच्या मक्यात आणि हा वारुळाला कान लावून बसलेला. कुठली माशी कुठल्या भोकात माती नेते, कुठलं पाखरू कुठल्या ढोलीत शिरतं, सगळं तोंडपाठ. त्यापायी बापाचा मार किती खाल्ला! पुढे पाखरांचा अभ्यास करणारी माणसं आली आणि त्याच खोडीचा त्याला पगार देऊ लागली.

सगळ्यांत अवघड घरटं वेड्या राघूचं. वाळवी खाणारं जनावर माणूस मावेल एवढं बीळ उकरतं आणि सोडून जातं. राघू त्या बिळाच्या छतात आपला बोगदा पाडतो. मध दाखवणारा पक्षी तिथं चोरून अंडं घालतो, म्हणून रोज आत सरपटत जायचं, काडीला बांधलेला आरसा वर धरून बघायचं, वहीत लिहायचं. आत वळायला जागा नाही. जाताना डोकं पुढे, येताना ढुंगण.

त्या ऑक्टोबरात हाबीन्झूचा चुलतसासरा वारला. सगळे शोकाला बसले आणि हा दुसऱ्याच दिवशी उठून चालता झाला. अंडी फुटायला आली होती म्हणे! बायको चोल्वे माहेरीच राहिली, परत येईना.

पाचव्या दिवशी तिची आई, लेकीच्या नावानं जिला सगळे बिना-चोल्वे म्हणतात, ती माझ्या दारात.

"चला भाऊ. जावयाशी बोलायचंय."

मला हसूच फुटलं. आमच्यात सासू-जावयानं एकमेकांचं तोंड बघायचं नाही, बोलायचं नाही. एका वाटेवर आले तर एकजण गवतात शिरतो. लग्नाला बारा वर्षं झाली, पण म्हातारीनं त्याची सावलीसुद्धा पाहिली नव्हती.

"तोंड कुठं बघायचंय?" ती म्हणाली. "तो बिळात असतो ना! मी पाठ करून बसते, तुम्ही मध्ये बोला."

माझं कुळ आणि त्याचं कुळ थट्टेचं. एकमेकांना काहीही बोलायची मुभा, राग धरायचा नाही. म्हणून मी.

बिळाच्या तोंडाशी त्याच्या टायरच्या चपला होत्या. म्हातारी तिथंच पाठ लावून बसली, उजेड बंद. मी ओरडलो, "हाबीन्झू, तुझी सासू आलीय!"

मग आतून, "मेलो."

"विचारा त्याला," बिना-चोल्वे म्हणाली, "माझा दीर मोठा की राघू?"

"अरे, ती विचारतेय, दीर—"

"ऐकू येतंय रे म्हाताऱ्या! बिळात आहे, बहिरा नाही."

"मग बोल की!"

"इथं गांधीलमाश्यांचं पोळं आहे. जरा हललो की डसतात."

"डसू देत. तुमच्या कुळाची कातडी रानरेड्याची."

म्हातारी हसली नाही. "पाखरांचं काम सोडतो म्हणावं. लेक आजच पाठवते."

पुढे माती, मागे सासू. छत पाठीला टेकलेलं, डोळ्यांत घाम, कानावर एक गांधीलमाशी चालतेय, हे सगळं त्यानं मला नंतर सांगितलं. बाहेर यावं तर सासूसमोर ढुंगण आधी येणार. त्यापेक्षा तिथंच पुरलेलं बरं!

तेवढ्यात समोरच्या काटकीवर राघू येऊन बसला. चोचीतली मधमाशी त्यानं काटकीवर आपटली, पण खाल्ली नाही. बिळाकडे झेपावला, आम्हाला बघून मागे फिरला. परत आला, परत फिरला.

"हा खात का नाही, भाऊ?" म्हातारीनं विचारलं.

आतून हाबीन्झू केकाटला, "चोचीत काय आहे? म्हाताऱ्या, चोचीत काय आहे?"

"मधमाशी."

"फुटली! अंडी फुटली! अरे, उठव त्यांना, पिल्लं उपाशी मरतील."

"आधी उत्तर," बिना-चोल्वे म्हणाली.

मग तो हळू बोलला. "त्यांना सांग, शोकातून उठलो ही माझी चूक. राहिलेले दिवस येऊन बसतो. पण काम सोडतो असं नाही म्हणणार. खोटं बोलून बाहेर आलो, तरी उद्या इथंच सापडेन."

म्हातारी दगडासारखी बसून राहिली. राघू तिच्या गुडघ्यापासून हातभर अंतरावर फडफडला आणि पुन्हा वळला. तेव्हा ती कण्हत उठली, खांद्यावरचं चितेंग्याचं छापील कापड डोक्यावरून ओढलं आणि झाडाकडे तोंड करून उभी राहिली.

"निघ म्हणावं. आणि थेट माझ्या अंगणात. सहा दिवस पाखराचं नाव काढायचं नाही. पुढचं लेक ठरवेल."

ती चालायलाही लागली. हाबीन्झू बाहेर आला, एक कान अळंब्याएवढा सुजलेला. त्याच्या खांद्याला घासून राघू आत गेला. तो बिळाकडे बघत राहिला, मग वाटेकडे. आणि एकदम आरसा नि वही माझ्या हातात कोंबली.

"तू सहावी शिकलायस."

"अरे, माझे गुडघे—"

पण तो पळाला. पुढे सासू दिसली तसा थबकला आणि चाळीस पावलं मागे राहून चालू लागला.

पहिल्या दिवशी माझं पोट अडकलं. तरी मी पाहिलं हो! उघडी, गुलाबी चार पिल्लं. मध दाखवणाऱ्याचं एकही नाही. वहीत लिहिलं, "चार. चारही भांडखोर."

सातव्या सकाळी मी आत असताना बाहेर पावलं वाजली. मी घाबरलो, आता कुणाची सासू?

"आजोबा, या बाहेर," चोल्वेचा आवाज आला. "ह्यांना आत जायचंय."