माझं रक्त फ्रीजरमधून काढा

पडद्यावर एक लहान मुलगी उभी होती. अंगात फक्त चड्डी. काडीसारखे पाय, डावीकडून फुगलेलं पोट. डोळ्यांवर काळी पट्टी. ओळख पटू नये म्हणून.

मी ओळखलं. ती मी होते.

नाशिकमधल्या एका कॉलेजचं सभागृह. सिकलसेलवर परिषद. हा रक्ताचा आजार आई-बापाकडून येतो. आमच्या सुरगाण्याच्या डोंगरात घराघरांत आहे. मलाही आहे. त्याच आजारावर मी पीएच.डी. करत होते, आणि बोलत होत्या माझ्या गाईड. मॅडम. त्यांचा लॅपटॉप मीच जोडून दिला होता. स्लाइड पुढे सरकवायचं बटण माझ्याच हातात होतं.

"आणि गंमत म्हणजे," मॅडम हसून म्हणाल्या, "ही मुलगी आज इथेच आहे. आमची स्टुडंट! उभी राहा गं. सरांना जरा डोळे दाखव."

मी उभी राहिले. दिल्लीहून आलेले ते सर पहिल्या रांगेतून उठून आले. विचारलं नाही, नाव नाही, काही नाही. अंगठ्यानं माझी खालची पापणी ओढली. अंगठ्याला कटलेटचा वास. पिवळेपणा बघितला आणि मान डोलावली, बाजारात बैल बघून डोलावतात तशी. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

फोटोत डोळे झाकायचे आणि माणूस समोर असला की पापणी ओढायची. याला हे लोक एथिक्स म्हणतात. त्यावर मॅडमचं वेगळं लेक्चर असतं.

जेवताना मॅडमनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. दुसऱ्या हातात गुलाबजामची वाटी. "तुझ्यामुळे टॉक रंगलं हं. पुढच्या वेळी तुमचं ते ट्रॅडिशनल लुगडं नेस. छान दिसेल." इंदिरानगरला त्यांचा बंगला. हॉलमध्ये वारली चित्रं. त्या चित्रांना त्या फार जपायच्या. काच रोज पुसून घ्यायच्या.

संध्याकाळी आईला फोन लावला.

"आये, ल्हानपणी माझा फोटो कोणी काढलेला? झगा काढून?"

ती म्हणाली, "शाळंत शिबिर झालेला ना. त्या बाय बोलल्या, पोरीचा फोटो मोठ्या डॉक्टरला दावते, गोळी भेटंल. रगतबी नेला. तुझा झगा मीच काढला. तू लय रडत व्हतीस."

"मंग गोळी आली?"

"नाय आली. बिस्किटाचा पुडा दिला त्याहीं."

त्या बाय म्हणजे मॅडमच. गोळी नाही आली. शाळा बुडवून मी चुलीजवळ पडून असायचे. हाडं कुणी आतून करवतीनं कापतंय असं दुखायचं. आई फडकं तापवून गुडघे शेकत बसायची. तिकडे माझं रक्त लॅबच्या फ्रीजरमध्ये राहिलं, माझ्या फुगलेल्या पोटावर रिसर्च पेपर छापून आला. मॅडम प्रोफेसर झाल्या. मला गोळी मिळाली ती मोठेपणी, सरकारी दवाखान्यात, रांगेत उभं राहून.

आणि मी या बाईचे उपकार मानत होते! दिवाळीला पाया पडत होते. फोन ठेवला तेव्हा रडू नाही आलं. किळस आली.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या केबिनमध्ये गेले. बसले नाही.

"मॅडम, तो फोटो काढून टाका. माझं रक्त फ्रीजरमधून काढा आणि नष्ट करा. तुमच्या अभ्यासातून मी माघार घेतेय."

"अगं, वेडी का तू? तू आमची सक्सेस स्टोरी आहेस."

"मी तुमची स्टोरी नाही."

"हे सगळं तुमच्याच लोकांसाठी चाललंय ना?"

"आमच्या पाड्यावर एकाचा तरी रिपोर्ट गेला?"

त्यांनी पाण्याचा ग्लास उचलला, तसाच खाली ठेवला. आवाज बदलला.

"तू इथे कुणामुळे आहेस, विसरू नकोस."

"परीक्षा मी दिली, मॅडम. रक्तही मीच दिलं. तुम्ही फोटो काढला."

माघार घेणं हा माझा हक्क होता, हे त्यांना चांगलं ठाऊक होतं. त्यांनी ऐकलं ते शरमेनं नाही. मी एथिक्स कमिटीकडे तक्रार करीन, या भीतीनं. शरम वाटायला समोरचा आधी माणूस वाटावा लागतो. माझ्या रक्ताच्या नळ्या बाहेर आल्या. नाव नव्हतं, नुसता नंबर. नष्ट करायच्या मशीनचं झाकण बंद होईपर्यंत मी तिथून हलले नाही.

स्लाइड गेली. छापलेल्या पेपरात मी अजून चड्डीवर उभी आहे. ते कुणी पुसणार नाही. मॅडमनी माझं गाईडपण सोडलं. लॅबमधली पोरं डबे उचलून दुसऱ्या टेबलावर बसू लागली. बसू देत. दुसरे गाईड मिळेपर्यंत काम बंद पडलं. ते आता सुरू झालंय.

आजार माझा आहे. त्याचा अभ्यास या लोकांच्या हाती सोडून मी घरी जाणार नाही. जो मला रक्त देईल, त्याच्या घरी आधी रिपोर्ट जाईल, त्याची गोळी सुरू होईल, मग मी लिहायला बसेन. कुणी नाही म्हणालं, तर का म्हणून विचारणार नाही. आणि आमच्या पाड्यावर पुन्हा कुणी रक्त मागायला आलं, तर त्याला आधी माझ्यासमोर बसून उत्तरं द्यावी लागतील. मॅडम असल्या तरी. मॅडम असल्या तर जास्तच.